साखळीतून सुटलेले दोन हात

आजाऱ्याच्या घरी दहा-बारा माणसांनी एकदम जाऊ नये, हे कळायला शास्त्र वाचावं लागत नाही. त्या घरात खुर्च्या किती आहेत एवढं पाहिलं तरी पुरतं. महाराष्ट्रातून आमच्याकडे लखनऊला सेवेसाठी आलेल्या मंडळींचं शास्त्र मुखपाठ होतं. खुर्च्यांकडे मात्र एकाचंही लक्ष नव्हतं.

लखनऊत आम्ही मराठी ख्रिस्ती म्हणजे मूठभर घरं. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी खासगी कंपनीत. रविवारी सकाळी आपापल्या हिंदी चर्चला जायचं आणि संध्याकाळी महानगरमधल्या एका लहानशा हॉलमध्ये मराठीतून उपासना करायची, असा आमचा रिवाज. मुलं मागच्या बाकांवर बसून मराठी गीतं ऐकतात आणि आपसात हिंदीत कुजबुजतात. या संगतीची सेक्रेटरी मी. मला कोणी निवडून दिलेलं नाही. 'तुम्ही याद्या करता ना, मग तुम्हीच बघा,' असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. याद्या करते हे खरं आहे. नगरहून बदली होऊन आले तेव्हा ट्रकमध्ये चढवलेल्या खोक्यांचीसुद्धा यादी होती, आणि एकही खोकं हरवलं नाही. याद्यांना हसणाऱ्यांची खोकी हरवतात, एवढंच मी त्यांना सांगते.

तर होळीच्या आधीच्या त्या आठवड्यात ही मंडळी आली. आजाऱ्यांना भेटणं आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करणं हा त्यांच्या दौऱ्याचा हेतू. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, पाठीवर 'आजाऱ्यांस भेटा' असं छापलेलं, म्हणजे वाचणाऱ्याला आपण कोणाच्या मागे उभे आहोत ते कळावं. त्यांचे पुढारी पन्नाशीचे, आवाज भरदार, कुडता कडक इस्त्रीचा. टी-शर्ट त्यांनी घेतला नव्हता. सगळे त्यांना 'बंधू' म्हणत. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या, ज्यांना प्रार्थनेत रडू येण्याचं दान मिळालं होतं. हे दान असल्याचं त्यांनीच मला स्टेशनवर सांगितलं, अजून सामान उतरायचं होतं तेव्हा. एक गिटारवाले गृहस्थ होते. आणि एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ज्या फारसं बोलत नसत आणि स्वतःची पाण्याची बाटली स्वतः भरत. बाकीचे सहा-सात जण मला आजही वेगवेगळे आठवत नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना नियम वाचून दाखवले. ज्यांनी बोलावलं आहे त्यांच्याच घरी जायचं. शेजाऱ्यांच्या दारात जायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत. इथली हवा कशी आहे ते इथे राहणाऱ्यांना विचारा. आजाऱ्याच्या पलंगावर बसायचं नाही. याच आजाराने तुमची कोणती मावशी गेली ते सांगायचं नाही. चहा-सरबताला 'आत्ताच झालं' म्हणायचं. आणि अर्ध्या तासात उठायचं.

बंधू मोठ्याने हसले. "ताई, तुम्ही तर पवित्र आत्म्यालासुद्धा टाइमटेबल द्याल."

"दिलं असतं," मी म्हटलं, "पण त्याला लागत नाही. तो वेळेवर येतो."

निवृत्त बाई खाली बघून हसल्या. तेवढ्यावरून मी त्यांना लक्षात ठेवलं.

पहिली भेट चिनहटला. कारखान्यात कामाला असलेला आमच्या हिंदी चर्चचा एक माणूस, फुप्फुसाच्या क्षयाने हडकलेला, औषध चालू. एक खोली. बायकोने शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या आणि आम्ही पोचायच्या आत थंड पेयाच्या मोठ्या बाटल्याही आणून ठेवल्या. मी डोळे वटारले, तरी 'आत्ताच झालं' कोणी म्हटलं नाही. एकाने तर "ठंडा ज़्यादा है क्या?" विचारून दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला. मग गिटार, मग गीत, मग बंधूंचं प्रवचन मराठी हिंदीतून, मग प्रार्थना. पाहुणे बसलेत म्हणून तो माणूस एवढा वेळ भिंतीला टेकून ताठ बसून राहिला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी दारातून मागे वळून पाहिलं. तो हळूहळू आडवा होत होता, आणि पाठ टेकताच त्याचा चेहरा सैल पडला.

"बघा, बघा," बंधू माझ्या कानाशी म्हणाले, "प्रभूची शांती कशी उतरली!"

दुसऱ्या दिवशी बख्शी का तालाबला, मांडीचं हाड मोडून पडलेल्या एका म्हाताऱ्या आईंकडे. तिथे दानवाल्या बाईंना असं रडू आलं, असं आलं, की शेवटी ती म्हातारी आपल्या उशाचा टॉवेल त्यांना देऊन म्हणाली, "मत रो बेटी, मैं ठीक हूँ." परतताना गाडीत याची साक्ष झाली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगून झालं: आजारी बहिणीलाही प्रभूने इतरांचं सांत्वन करण्याचं बळ दिलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. अशा वेळी शेतं बघावीत. गव्हाला ऊठसूट साक्ष द्यावी लागत नाही.

त्यांची एक पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ते साखळी प्रार्थना करत. आजाऱ्यासकट सगळ्यांनी गोलात हात धरायचे, डोळे मिटायचे. एकाने मोठ्याने प्रार्थना करायची, संपली की शेजाऱ्याचा हात दाबायचा. मग त्याने सुरू करायचं. गोल पुरा होईपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत, कोणी हात सोडायचे नाहीत. डोळे उघडले तर साखळी तुटते म्हणे. एवढी माणसं, आणि आपली प्रार्थना मागच्यापेक्षा तोकडी पडू नये ही प्रत्येकाची काळजी. चिनहटला साखळी चालू असताना बाहेर दोन वेळा पाण्याचा टँकर येऊन गेला. मला हे ठाऊक आहे कारण माझे डोळे उघडे होते. मी प्रार्थनेत नेहमीच डोळे उघडे ठेवते. देवाला चालतं, त्याचेही उघडेच असतात.

आता काका-काकूंचं. काका रेल्वेत इंजिनिअर होते, रुळांच्या देखभालीवर. निवृत्त झाल्यावर सोलापूरला परत न जाता महानगरमध्येच राहिले, कपूरथला मार्केटच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. डावा हात मात्र असा शाबूत की हातात हात आला तर सांडशीत सापडल्यासारखं वाटतं. मुलगी कॅनडात. काकू सत्तरीच्या जवळ, एवढीशी मूर्ती, आणि सगळं त्या एकट्या करतात. दिवसाची आया लग्नासाठी गावी गेली होती, ती होळीनंतर येणार होती.

महिन्यापूर्वी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजाआड सांगितलं की छातीत गाठ लागते आहे. मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी हाताने तपासलं, फोटो काढायला लावले आणि म्हणाल्या, सुईने तुकडा काढून बघायला हवा, उशीर करू नका. तारीख मिळाली. त्या दिवशी काकूंनी फोन केला, "अगं, यांना ताप आहे गं." दुसरी तारीख मिळाली. "आया आली नाही गं." तिसऱ्या तारखेला मात्र मी ठरवलं की हे कारण उरता कामा नये. तपासणीला काकूंबरोबर मी जाणार, आणि काकांजवळ दोन माणसं तीन तास बसणार. आणि बघा, आपल्याकडे तर आजाऱ्यांना भेटायला डझनभर माणसं गाडीभाडं खर्चून आलेली!

मी बंधूंना आदल्या दिवशी सांगितलं. काकूंना दवाखान्यात न्यायचं आहे, तुम्ही सकाळी दहाला या, थोडी प्रार्थना करा, मग दोघं थांबा, बाकीचे जा. काकांना काय लागतं ते मी लिहून फ्रिजवर लावलेलं आहे.

"अवश्य, अवश्य," बंधू म्हणाले. "सेवेसाठीच तर आलोय."

ते पावणेअकराला आले. नाश्त्याला पुरी-भाजी झाली होती. तिचं वर्णन चपला काढता काढता चालू होतं. काकू इस्त्रीची साडी नेसून तयार होत्या, पर्स पलंगावर काकांच्या पायाशी ठेवलेली. पण घरात मंडळी शिरली मात्र, त्या थेट स्वयंपाकघरात. मागोमाग मी.

"काकू, आत्ता चहा नाही."

"अगं, लांबून आलेत. नुसतं कसं बसवायचं?"

"मी बसवते. तुम्ही चप्पल घाला."

"पोहे भिजवून ठेवलेत गं मी."

बाहेर गिटार जुळवायला घेतली होती. मी जाऊन बंधूंना म्हटलं, गीत राहू द्या, आम्हाला निघायचंय. कोण दोघं थांबणार? निवृत्त बाईंनी हात वर केला. दुसरा हात वर येईना. मग कळलं की दुपारी इमामबाडा आणि चिकनच्या कापडांची खरेदी ठरली होती, आणि गाडी एकच होती.

"ताई, इतकी घाई कसली?" बंधूंनी विचारलं. "दवाखाना तर उद्याही असतो."

काकू पोह्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. सांगावं की नाही असं मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीच सांगून टाकलं, एखाद्या किरकोळ गोष्टीसारखं. "काही नाही हो, इथे जरा गाठ आहे. ती तपासायचीय."

खोलीत एकदम चैतन्य आलं. मी शब्द जपून वापरते; चैतन्यच आलं. काकांच्या पक्षाघातात दीड वर्षानंतर काही नवं घडण्यासारखं नव्हतं. गाठ ही ताजी बातमी होती.

"अरे देवा! मग आधी काकूंसाठी!" दानवाल्या बाई पुढे आल्या, त्यांनी ताटली काढून घेऊन गिटारवाल्यांच्या मांडीवर ठेवली आणि काकूंच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरून वाहायला लागले होतेच. थोडा वेळ त्या पुटपुटल्या, मग स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मला दिसतंय. विरघळतेय. काकू, विश्वासाने म्हणा, विरघळली."

काकू पाहुण्यांना कधी नाही म्हणत नाहीत. कोणी चौथी पोळी वाढली तरी खातात. त्या म्हणाल्या, "आमेन."

"हालेलुया! मग आता सुया टोचून घ्यायची गरजच काय?"

आणि मी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे सुटका दिसत होती. ताप, आया, पोहे, ही सगळी कारणं संपली होती आणि आता हे सगळ्यात मोठं, सगळ्यात पवित्र कारण कोणीतरी घरपोच आणून दिलं होतं. बाई घाबरलेली होती. महिनाभर घाबरलेली होती, आणि मला ते नळाच्या आवाजातही ऐकू आलं होतं. या मंडळींना एवढ्या जवळून ऐकू आलं नाही.

"खरंच गं," काकू मला म्हणाल्या, "होळीनंतर गेलं तर? तोवर आयाही येईल."

मी उत्तर द्यायच्या आत पलंगावरून आवाज झाला. काका डाव्या हाताने पर्स ढकलत होते. पायाशी असलेल्या पर्सपर्यंत पोचायला त्यांना अर्धं अंग वाकडं करावं लागलं होतं. त्यांनी ती मुठीत धरली, गादीवरून ओढत आणली आणि काकूंच्या बाजूला टाकली. मग काकूंकडे बघून दाराकडे बोट केलं.

"बघा, काका आशीर्वाद देतायत!" कोणीतरी म्हणालं.

काकू पर्सकडे बघत राहिल्या. मग ती त्यांनी उचलली आणि काखेत धरली. मला तेवढं पुरेसं होतं.

"बंधू," मी म्हटलं, "काकूंसाठी साखळी करू या. मोठी. कोणी घाई करायची नाही."

बंधूंना वाटलं, अखेर मलाही आत्म्याचा स्पर्श झाला. ते पलंगाजवळच्या खुर्चीवर सरकले. बसवलं सगळ्यांना मी. बसवण्याचं काम मला येतं. काकांच्या लुळ्या उजव्या हाताशी दानवाल्या बाई. डाव्या हाताशी काकू, काकूंपलीकडे मी, माझ्यापलीकडे बंधू. "तुम्ही सुरू करा," मी बंधूंना म्हटलं, "आणि डावीकडून जाऊ द्या." म्हणजे साखळी सगळ्या खोलीतून फिरून काकांकडे, आणि तिथून सर्वांत शेवटी आमच्याकडे येणार होती.

डोळे मिटले. बंधूंनी सुरुवात केली ती सृष्टीच्या उत्पत्तीपासून. ते जलप्रलयाशी पोचले तेव्हा मी काकूंचं कोपर दाबलं. त्यांनी डोळे उघडले. मी मान दाराकडे हलवली. त्यांनी मिटलेल्या डोळ्यांच्या त्या सगळ्या गोलाकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांचे डोळे उघडे होते. ते कधीपासून उघडे होते कोण जाणे.

हात सोडायचे तर मधली जागा रिकामी राहून चालणार नव्हती. मी बंधूंचा हात हळूच उचलला आणि काकांच्या डाव्या हातात दिला. बंधूंचा सूर किंचित अडखळला. त्यांना वाटलं असेल, भावनेने पकड बदलली. काकांनी ती बोटं धरली. नुसती धरली नाहीत, आवळली. मग त्यांनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला. पक्षाघातानंतर मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं.

दाराशी वळून पाहिलं तर निवृत्त बाईंचे डोळेही उघडे. त्यांनी आम्हा दोघींना चपला हातात घेतलेलं पाहिलं, आणि शांतपणे पुन्हा मिटून घेतले. अशी माणसं चर्चमध्ये आणखी असती तर सेक्रेटरीची गरज पडली नसती.

गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा मिळाली. काकू एकदम हसायला लागल्या, तोंडावर पदर धरून. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "क्या हुआ माताजी, शादी से भाग के आई हैं?" मग त्या आणखी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मी रुमाल दिला. हे रडणं दान नव्हतं, म्हणून लवकर संपलं.

दवाखान्याच्या बाकावर मात्र त्या पुन्हा आक्रसल्या. "मघाशी आमेन म्हटलं मी. आता तपासून घेतलं तर तो अविश्वास नाही का ठरणार?"

मी त्यांना काकांचंच सांगितलं. "काकू, काका गाडी सोडायच्या आधी रूळ तपासायचे की नाही?"

"ट्रॉलीवर बसून मैलोन् मैल. उन्हातसुद्धा."

"आणि रोज सकाळी प्रार्थनाही करायचे."

"गुडघे टेकून. पाणीसुद्धा प्यायच्या आधी."

"रूळ तपासले म्हणून देव कधी रागावला का त्यांच्यावर?"

काकूंनी जरा विचार केला. "एकदा प्रार्थना चुकली होती," त्या म्हणाल्या, "पण रूळ कधीच नाही चुकले गं." आणि आतून नर्सने "साथ में कौन है माताजी के?" असं विचारलं तेव्हा माझ्या आधी त्याच उठून उभ्या राहिल्या.

सुई टोचताना त्यांनी माझा हात धरला. त्यांना मोठ्याने प्रार्थना करायची नव्हती, मलाही नव्हती. डॉक्टरीणबाईंनी काय ते काम केलं, चिकटपट्टी लावली, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात गुरुवारी येईल म्हणाल्या. झालं. एवढ्यासाठी तीन तारखा लागल्या होत्या.

परत आलो तेव्हा गाडी अजून गल्लीत उभी होती, म्हणजे इमामबाडा झाला नव्हता. मागे काय झालं ते मला निवृत्त बाईंनी स्वयंपाकघरात सांगितलं, ओट्यावरच्या पोह्यांच्या बशा धुता धुता. साखळी सगळ्या खोलीतून फिरली, काकूंच्या गाठीला प्रत्येकाने आपापल्या परीने हाकललं, आणि शेवटी दानवाल्या बाईंनी काकांचा लुळा हात दाबला. आता काकांची पाळी. काका कुठले बोलणार! सगळे डोळे मिटून थांबले. बंधूंच्या हाताला तर कोणी दाबत नव्हतं, कोणी सोडतही नव्हतं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"माझे गुडघे दुखायला लागले इतका."

शेवटी काकांनी घशातून आवाज काढला. त्यावर तीन-चार जणांनी हालेलुया म्हटलं. आवाज पुन्हा आला, जरा रागाचा. तेव्हा निवृत्त बाई म्हणाल्या, "अहो, डोळे उघडा. त्यांना लघवीला लागलीय." डोळे उघडले तर काकू नाहीत, मी नाही, आणि बंधूंची बोटं काकांच्या मुठीत.

मग फ्रिजवरचा कागद वाचला गेला. काकांनी हात सोडला नाही, त्यामुळे त्यांच्या सर्वांत जवळ बंधूच होते, आणि भांडं धरायची पाळी त्यांच्यावर आली. कडक इस्त्रीचा कुडता पायजम्यासकट ओला झाला. तो पुसायला गेलेल्या दानवाल्या बाईंना त्या वेळी अजिबात रडू आलं नाही. नंतर काकांना मानेखाली उशा देऊन बसतं करून, हनुवटी खाली घेऊन, घट्ट खिचडी चमच्याचमच्याने भरवायची होती. घास गिळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. ते निवृत्त बाईंनी केलं. बाकीचे बाहेरच्या खोलीत गाडीवाल्याला फोन करत होते. गिटारवाले गृहस्थ मात्र पलंगाशी बसून हळू आवाजात काकांना विचारत राहिले, कोणतं गीत वाजवू, आणि काका बोटाने 'पुढे, पुढे' करत राहिले. एका गीताला बोट थांबलं. म्हणे, ते तीनदा वाजवलं.

हे सगळं कळायच्या आधीच बंधू मला दारात भेटले होते. अंगात काकांचा पायजमा होता, तो घोट्याच्या वर संपत होता. "ताई, हे बरोबर नाही. साखळीतून असं उठून जायचं नसतं."

"साखळी तुटली का?"

"नाही, पण..."

"मग तुमचा हात रिकामा नव्हता ना. काकांनी धरला होता."

काकू आत जाऊन पलंगाशी उभ्या राहिल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, भुवया वर केल्या. काकूंनी साडीच्या पदराखाली चिकटपट्टीच्या जागी हात ठेवला आणि मान हलवली: झालं. काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदाच मिटले असावेत.

मंडळी सोमवारच्या गाडीने जाणार होती, म्हणून रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये त्यांच्या साक्षी झाल्या. बंधू उभे राहिले. नवा कुडता, तीच इस्त्री. "एका घरी," ते म्हणाले, "आत्म्याने आम्हाला रोखून धरलं. दुपारचे सगळे बेत रद्द केले. एक बंधू, ज्यांना वाचा नाही, त्यांनी इतकी खोल मौनप्रार्थना केली की माझा हात त्यांच्या हातातून सुटेना. त्या दिवशी मी आजाऱ्याची सेवा म्हणजे काय ते शिकलो." लोकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर निवृत्त बाईंनी बायबल तोंडासमोर धरलं होतं, आणि बायबल हलत होतं.

शिकले की नाही ते मला माहीत नाही. कदाचित शिकलेही असतील. काकांच्या मुठीतून बरंच काही शिकता येतं. पण आत्म्याच्या नावावर खपवलं की शिकल्याचा पुरावा द्यावा लागत नाही, हे मी या दौऱ्यात पाहून घेतलं.

साक्षी संपल्यावर सूचना वाचायची पाळी माझी. होळीच्या सुट्टीच्या सूचना झाल्या, पाहुण्यांच्या चादरी धुण्याची पाळी कोणाची ते झालं. मग मी म्हटलं, "गुरुवारी काकूंना रिपोर्ट आणायला जायचंय. डॉक्टरीणबाई भेटून बोलणार आहेत, म्हणजे वेळ लागेल. मी बरोबर जाणार आहे. काकांजवळ बसायला दोन माणसं हवीत, सकाळी दहा ते दुपारी दोन. भरवायला लागेल, भांडं द्यायला लागेल. प्रार्थना केली तरी चालेल, पण डोळे उघडे ठेवून."

एकही हात वर आला नाही. पाहुणे सोमवारी जाणार, त्यांना काळजी नव्हती. मी आमच्याच लोकांकडे बघत होते: बँकवाले, रेल्वेवाले, कंपनीवाले. काकांनी ज्यांना स्टेशनवर उतरवून घेतलं, ज्यांना राहायला खोल्या शोधून दिल्या, ते सगळे. कोणाच्या चपलेचा पट्टा सैल झाला होता, कोणाला फोनवर काही बघायचं होतं. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. काकांजवळ तासाभरासाठी शेजारीण बसवून आल्या होत्या. त्या मागे वळून बघत नव्हत्या. मला त्यांची मान दिसत होती, तीही अगदी ताठ धरलेली.

तेवढ्यात दानवाल्या बाईंनी भरल्या गळ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमेन!"

मग दोन-तीन जणांनी म्हटलं. मग अख्ख्या हॉलने म्हटलं, मोकळ्या मनाने, जणू माझी सूचना हीसुद्धा एक प्रार्थनाच होती आणि आता ती संपली.

मी खाली बसले नाही. पेनचं टोपण काढलं.

"आमेन नको," मी म्हटलं, "नावं सांगा."